हळू चालणारा दाता

नाव : जयदीप भागवत. मूळ गाव पुणे, हल्ली मुक्काम रिचमंड हिल, कॅनडा. व्यवसाय : सॉफ्टवेअर आर्किटेक्ट. प्रकृती : उत्तम, स्वतःच्या मते. दर्जा : थोरले बंधू श्री. मिलिंद यांचे नियोजित यकृतदाते.

हा दर्जा त्याने तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात माइकवरून स्वतःच जाहीर केला. मिलिंद राहतो लंडनला, म्हणजे आपल्या ओंटारिओतल्या. त्याचं यकृत निकामी होत चाललं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी नाही वाजवल्या. ते म्हणाले, "चरबी तुमच्याच यकृतात आहे. आधी वजन उतरवा. भावाकडे फार वेळ नाही."

दुसरा कोणी असता तर घाम गाळायला लागला असता. जयदीपने वाचन केलं. हलक्या व्यायामात शरीर ऊर्जेचा मोठा वाटा चरबीतून घेतं, जोर वाढला की साखरेकडे वळतं. इथवर खरं आहे. पुढचं संशोधन त्याचं. बेसमेंटमध्ये ट्रेडमिल आली आणि तिच्यावर तो देवळात प्रदक्षिणा घालावी तसा चालू लागला. घड्याळाने नाडी वाढल्याचं सांगितलं की घाबरून थांबायचा.

एकदा लेक ऊर्मी डोकावली. "बाबा, इज इट इव्हन ऑन?"

वाटीतला निम्मा भात जास्त की पातेल्यातला पाव हिस्सा, हे कुणालाही कळतं. हळू चालणं म्हणजे वाटी, घाम गाळणं म्हणजे पातेलं. आर्किटेक्टला वाटीच्या निम्म्याचं कौतुक. शरीर शेवटी एवढंच बघतं : आलं किती, गेलं किती. जयदीपकडून जायचं वाटीभर. यायचं श्रीखंड. "प्रोटीन असतं त्यात."

मग गुडघाभर बर्फ पडला.

"जयदीप, ड्राइव्हवे शोव्हल कर ना," स्वप्नाली म्हणाली. "तेवढाच व्यायाम."

"वेडी आहेस का? हार्ट रेट कुठे जातो त्यात! सगळी साखर जळते. माझी चरबी तशीच राहील ना."

"बरं. मग मी जाळते माझी साखर," म्हणत बायकोने बूट चढवले. हिवाळाभर तीच चढवत राहिली.

मिलिंदचा फोन आला. "जयद्या, कुठवर आलंय रे?"

"प्रोसेसमध्ये आहे, दादा. शरीराला घाई केलेली चालत नाही."

"माझ्या शरीराला आहे रे थोडी," मिलिंद म्हणाला.

मार्चमधल्या स्कॅनमध्ये यकृतातली चरबी जागच्या जागी निघाली, वजन किंचित वर. जयदीपने डॉक्टरांना चरबीचे आणि साखरेचे वाटे समजावून सांगितले. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. पुढचं माणूस म्हणजे स्वप्नाली. तिने कुणाला न सांगता दाता म्हणून अप्लाय केलं होतं, आणि रक्तगट जुळला होता.

मंडळाच्या वार्षिक अंकात जयदीपचा फोटो आहे. खाली छापलंय : 'अवयवदान चळवळीचे आद्य प्रेरक.'

यकृत स्वप्नालीने दिलं.