दर्भाचा कावळा

शशी गेल्याचं मला आमच्या सोसायटीच्या वॉचमनने सांगितलं. "बी विंगचे काका गेले," म्हणाला, आणि मी भाजीची पिशवी हातात धरून तसाच उभा राहिलो. आदल्या संध्याकाळी माझ्याकडेच चहा पिऊन गेला होता... त्याच्या मुलांना मला फोन करावासा वाटला नाही. कसं वाटेल? त्यांच्या लेखी मी कोण?

मी सातवी शिकलेला, कारखान्यात फिटर होतो, गोड लिहिता येत नाही. माझी बायको सुलोचना वारली, त्याचीही आधीच गेलेली. मुलुंडमध्ये दोन म्हातारे एकमेकांकडे जेवतात, यात कुणाला काही दिसलं नाही. आमचं प्रेम होतं. नवराबायकोचं असतं तसं, सुटलेल्या पोटांसकट. माझ्या पोटावर हर्नियाचा व्रण, म्हणून मी सुलोचनेसमोरही कधी गंजी काढला नाही. शशी म्हणाला, "काढ रे, तुला काय गोरेगावच्या स्टुडिओत नाचायला जायचंय?" हसता हसता काढला, आणि मग मला माझ्या अंगाची लाज वाटेनाशी झाली. हे त्याने दिलं, ते नाकारत नाही. पण पोरांना सांगायचं म्हटलं की, "दिवाळीला सांगतो, दत्ता. नक्की." मी म्हणायचो, "कुठल्या दिवाळीला, तेवढं सांग."

दहाव्याला पिंड ठेवला, कावळा काही शिवेना. मेलेल्याची इच्छा अडली असेल तर ती पुरी करू, असं घरच्यांनी कबूल करायचं असतं. थोरल्या महेशने घर, नातवंडं, भावाशी न भांडणं, सगळं कबूल करून पाहिलं. कावळे आपले कुंपणावर बसून. मग तो माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही बोलून बघा ना. बाबा सांगायचे, तुम्ही मालिश करायला यायचात त्यांची."

मालिशवाला... इतकी वर्षं मी त्याचा मालिशवाला!

त्याचं काय अडलं होतं ते मला ठाऊक होतं. "मी सांगतो यांना," एवढं म्हटलं असतं तर कावळा कदाचित उतरलाही असता. नाही म्हटलं. बस म्हटलं आता अडकून. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे हात धुऊन निघाले.

महेश, पेपरची ही पुरवणी तुझ्याकडे येते, म्हणून इथे लिहितो. तुझ्या बापासाठी नाही, माझ्यासाठी. मी त्याचा माणूस होतो. आणि मालिश मी नव्हतो करत, तो करायचा माझी. रविवारी, आंघोळीआधी, खोबरेल कोमट करून. परवा मीच तेल तापवलं... पाठीपर्यंत माझा हात पोचत नाही.