कातडीवाले काका

माणसाला आत्मा असतो की नाही, याची आमच्या काकांना आयुष्यात कधी पर्वा वाटली नाही. कातडी असते, एवढं त्यांना पुरत असे. काका म्हणजे माझे चुलतसासरे. पेशाने जनावरांचे डॉक्टर, राहायला सदाशिव पेठेत, आणि मनाने कायम कुठल्या तरी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे. चारचौघं समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलतात, काका मनगटाकडे बघून बोलत. पेठेत त्यांच्यामागे त्यांना 'कातडीवाले' म्हणत आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. "म्हणू देत," ते म्हणायचे, "लोकांची कातडी सोलणारे या गावात गल्लोगल्ली आहेत. आपण निदान हात लावून विचारपूस तरी करतो."

माझी त्यांची पहिली गाठ पडली ती मला बघायला आले तेव्हा. मुलाकडची मंडळी पोहे खात होती, आई माझे भरतकामाचे नमुने एकेक करून मांडत होती, आणि मी मान खाली घालून चहा देत होते. काकांनी कप घेतला, बाजूला ठेवला, आणि माझ्या हाताच्या मागची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरून वर उचलली आणि सोडून दिली. सगळ्यांच्या तोंडातले पोहे तोंडातच राहिले. काका मात्र त्या चिमटीच्या जागेकडे टक लावून बघत होते. मग म्हणाले, "पाणी कमी पिता तुम्ही. कातडी खाली बसायला वेळ लावतेय." पुढे लग्न झाल्यावर ह्यांनी मला सांगितलं, की हीच परीक्षा काका हगवण लागलेल्या वासरांची घेतात. आईने तर हे स्थळ नको म्हणूनच धरलं होतं. मी त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात जाऊन तांब्याभर पाणी प्यायले आणि होकार कळवा म्हणून सांगितलं. येणारी सून पाणी पुरेसं पिते का, याची ज्या घरात कुणाला तरी फिकीर आहे ते घर अगदीच वाईट नसणार, असं मला वाटलं. ह्यांच्याकडे तर मी नीट बघितलंही नव्हतं.

नोकरीत त्यांची सगळी हयात मांजरी, लोणी काळभोर या बाजूला गेली. तेव्हा तिकडे ऊस होता, गोठे होते, आणि काकांच्या फटफटीचा आवाज आला की बायका म्हशी बाहेर काढून बांधायच्या. एकदा एकाने हौसेने नवा पत्र्याचा गोठा बांधला आणि म्हशी आटल्या. "डाक्टर, चारा हाय, पेंड हाय, मग ही दूद का चोरतीया?" त्याने विचारलं. काकांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि उलट त्यालाच विचारलं, "तू हा काळा कोट घालून भर उन्हात पत्र्याखाली बसशील का? वर तुला घाम यायची फारशी सोय नाही. बसशील?" म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून ती चिखलात लोळते, ती घाणेरडी नसते, शहाणी असते, हे व्याख्यान त्या शेतकऱ्याला उभ्या उभ्या ऐकावं लागलं. पुढे आमच्या ह्यांचा भाचा खराडीला संगणकाच्या कंपनीत लागला आणि तिथल्या गार हवेत त्याची कातडी उलायला लागली, तेव्हा काका त्याला म्हणाले, "म्हशीला डबकं लागतं आणि तुला एसी. फरक इतकाच, की म्हैस दिवेलागणीला घरी येते."

त्यांचं हे ज्ञान ऐकायला कुणी बसलंय की उठून गेलंय, याच्यावर त्यांचं बोलणं कधीच अवलंबून नसे. पंगतीत वरणभात कालवता कालवता ते सांगत, की बेडूक तोंडाने पाणी पीतच नाही, पोटाच्या कातडीने पितो. कुत्र्याला घाम येतो तो पायाच्या तळव्यांना. हत्तीच्या अंगावरच्या सुरकुत्या म्हणजे म्हातारपण नव्हे, पाणी धरून ठेवायचे पाट आहेत. गाईच्या नाकपुडीवरचा ठसा दुसऱ्या गाईशी जुळत नाही. घोड्याचा तर त्यांना मनापासून हेवा वाटे. माशी बसली की घोडा जागच्या जागी तेवढीच कातडी थरथरवून तिला उडवतो, ही विद्या माणसाला दिली नाही म्हणून त्यांचा निसर्गावर राग होता. "मला ती कला यायला हवी होती," ते काकूंच्या माहेरच्या माणसांसमोर म्हणाले होते, "निम्मे पाहुणे खांद्यावरच परतवले असते." काकूंनी पुढचे काही दिवस त्यांना आमटी वाढली नाही.

माझी मुक्ता कॉलेजात असताना गोरं व्हायचं मलम घेऊन आली. काकांनी ती ट्यूब चष्मा लावून वाचली. म्हणाले, "देवाने तुला उन्हासाठी अंगातच छत्री दिलीय, आणि तू ती मोडून घ्यायला पैसे देतेस? बापाकडे फार झालेत का?" मुक्ता चिडली, पाय आपटत गेली, पण ट्यूब दुसऱ्या दिवशी केराच्या टोपलीत होती. ती त्यांची फार लाडकी. तिला पहिली आंघोळ त्यांनीच घातली होती.

हो, हे सांगायचं राहिलंच. आमच्या घराण्यातली पद्धत आहे ही, म्हणजे काकांनीच पाडलेली. बाळ दवाखान्यातून घरी आलं, की त्याची पहिली आंघोळ काकांच्या हातची. पुरुषमाणूस लेंगा गुडघ्यापर्यंत सरकवून पाटावर बसतो, पाय लांब करतो आणि बाळाला नडग्यांवर पालथं घालतो, हे बघायला सुरुवातीला शेजारणी जिन्यात जमायच्या. बाळंतिणीला तेल लावायला येणारी बाई तर पदर तोंडाशी धरून हसायची. पण काकांचा हात फिरायला लागला की रडणारं मूल गप्प होत असे, हे मी माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी डोळ्यांनी बघितलंय. आधी टाळू भरायची, मग पाठ, मग एकेक बोट. "गाय वासराला चाटते ते लोक लाड समजतात," ते तेल चोळता चोळता सांगायचे. "ती त्याला ओळख करून देत असते. बाबा रे, इथवर तू, आणि इथून पुढे जग. माणसाच्या बाईला चाटायची लाज वाटते, म्हणून आपण तेल लावतो." मग त्या एवढ्याशा पाठीवर हात ठेवून ते बाळाबद्दल काहीतरी बोलत आणि ते घरात कायमचं प्रमाण मानलं जाई. माझ्या मुलाला ते 'थंडीचा भित्रा' म्हणाले होते. तो अजून मे महिन्यात चादर घेतो.

तर मुक्ता बाळंतपणाला आली, मुलगी झाली, दोघी घरी आल्या आणि मी काकांना फोन केला. काका म्हणाले, सर्दी झालीय, बाळाजवळ यायला नको. बरोबरच आहे, म्हटलं. दोन दिवसांनी पुन्हा केला तर म्हणाले, आज अमावस्या आहे. आता ज्या माणसाने जन्मात पंचांग उघडलं नाही, साडेसाती म्हणजे नायटा-खरूज यांतलंच काहीतरी असेल असं समजत आला, तो मला अमावस्या सांगतो? तिसऱ्यांदा काकूंनीच फोन घेतला आणि "बघू गं" म्हणून ठेवून दिला. बाळाला तोवर मी नुसतं ओल्या फडक्याने पुसत होते. मुक्ताकडे दुपारी बघते तर डोळे सुजलेले. "दादाच्या मुलाला तापातून उठून आले होते," ती म्हणाली, "माझ्या मुलीला नाही." झालं! माझं डोकंच फिरलं. वय झालं म्हणून काय झालं, बाळंतिणीला रडवायचं? चपला घातल्या आणि तडक त्यांचं घर गाठलं.

काकू भजनाला गेल्या होत्या. काकांनीच दार उघडलं.

"बरी झाली का सर्दी?" मी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

"झाली. ये. चहा टाकलाय."

"मी चहाला नाही आले. भांडायला आलेय."

"भांडण उपाशीपोटी करू नये, आवाज चिरका लागतो," म्हणत ते आत गेले.

मी मागोमाग स्वयंपाकघरात. माझं तोंड सुरू झालेलंच होतं: मुक्ता काय म्हणाली, शेजारच्या काय विचारतात, नसेल यायचं तर सरळ सांगा. चहा उकळून वर आला. काकांनी गॅस बंद केला, माझ्याकडे बघत मान डोलावली, आणि ते पातेलं दोन्ही हातांच्या बोटांनी काठाला धरून उचललं आणि सावकाश चहा गाळायला लागले. पक्कड खिळ्याला लटकत होती.

"अहो काका, हात!" मी किंचाळले.

त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. हात दुसऱ्या कुणाचे असावेत, तसं बघितलं. मग पातेलं खाली ठेवलं. मी त्यांना ओढत नळाखाली नेलं. बोटांची टोकं लालबुंद झाली होती.

"आग होत नाही?"

"तीच तर तक्रार आहे," काका म्हणाले.

मधुमेह त्यांना जुना होता, तो सगळ्यांना ठाऊक होता. बोटांचं कुणालाच ठाऊक नव्हतं. आधी मोजे घालून हात लावल्यासारखं वाटायचं, ते म्हणाले, आता घोंगडीतून लावल्यासारखं वाटतं. मला एकदम लक्ष्मी रोडवरचं दुकान आठवलं. मुक्ताच्या डोहाळजेवणाच्या खरेदीला काकांनी एक साडी चिमटीत धरून "अस्सल सुती" म्हणून शेरा दिला होता, आणि ती चक्क नायलॉनची होती. दुकानदारासकट आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो, काका चेष्टा करतायत म्हणून. तेही हसले होते.

"काकूंना माहीत आहे?"

"माझ्या आंघोळीचं पाणी हल्ली ती काढते. ती विचारत नाही, मी सांगत नाही." नळ वाहतच होता. "त्या पोरीची कातडी कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतकी पातळ असणार. मी तिच्यावर कढत पाणी ओतीन आणि मला कळणार नाही. ती रडेल, आणि मी म्हणेन, आंघोळीला रडतेय. ह्या हातांनी मी तिला भाजीन गं."

मला रडू आलं. आणि मला रडू आलं की मी जास्तच भांडते. "म्हणून अमावस्या? अमावस्या सांगायची? लाज नाही वाटत? तिकडे ती समजून बसलीय, की तुम्हाला तिच्या लेकीचं कौतुक नाही!"

"असं म्हणाली मुक्ता?"

"रडली दुपारभर."

काकांनी नळ बंद केला. पंच्याला हात पुसले, एकेक बोट, अगदी व्यवस्थित. मग म्हणाले, "पाणी तू बघशील?"

"मी बघेन."

"कोपराने बघायचं. भांडी घासून बायकांची बोटं दगड होतात, त्यांच्यावर विसंबायचं नाही." त्यांनी हा टोला हाणल्यावर मला जरा हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. बोटांना मलम, अंगात धुवट बनियन. मुक्ताला त्यांनी आधीच सांगून टाकलं, "माझे हात बिघडलेत, मुक्ते. नको वाटत असेल तर नको म्हण." काका पाटावर बसले, तसं तिने बाळ त्यांच्या पायांवर ठेवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. तिचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

मग जी काय वरात निघाली! मी कोपर बुडवून म्हणायचे, "कोमट आहे." काका म्हणायचे, "कोमट म्हणजे काय? ताकाइतकं की दुधाइतकं?" दुधाइतकं म्हटलं की आणखी थोडं गार घाल. मग पाणी मी ओतायचं आणि तेल ते लावणार. तेल लावताना ते मला विचारत, कातडी कशी आहे. मी म्हटलं, मऊ आहे. "मऊ कणीकसुद्धा असते! नीट सांग." मी वाकून बघितलं. खांद्यांवर बारीक लव आहे, म्हटलं. घोट्याशी पापुद्रे सुटतायत. काखेत पांढरं काहीतरी चिकटलंय. "ते काढू नकोस, ते तिचं घरून, आईच्या पोटातून, आणलेलं मलम आहे," ते म्हणाले आणि हात पुढे सरकला. पाठ झाली, पोट झालं. मुलगी एकदा जोरात रडली आणि काकांचे हात तिथल्या तिथे गोठले. माझ्याकडे बघायला लागले. मी पाण्यात कोपर घातलं. "काका, पाणी ठीक आहे. ही नुसतीच रडतेय. आपल्याच घरची आहे, भांडखोर." मुक्ता हसली. घरी आल्यापासून ती पहिल्यांदा हसली असेल. काकांनी मोठा श्वास सोडला आणि पुन्हा टाळूवर तेल घातलं.

आंघोळ झाली. मी बाळाला पंच्यात गुंडाळून उचलायला गेले, तर ते येईना. तिने काकांची करंगळी मुठीत धरली होती. काकांनी ते बघितलं, पण हात हलवला नाही.

"धरलंय का हो तिने?" लग्नानंतर मला कधी अहोजाहो न करणारे काका विचारत होते.

"धरलंय."

"घट्ट?"

"घट्ट. नखं पांढरी पडलीत तिची."

काका त्या मुठीकडे बघत राहिले. "मग राहू दे," म्हणाले. तेल लागलेल्या पाटाशी आम्ही तसेच बसून राहिलो, ती सोडेपर्यंत.