डेअरीच्या कॉम्प्युटरवर लागलेला शोध

चहा घ्या आधी. हसायचं ते मागून हसा, कारण ह्या किस्स्यात मी अख्खं भौतिकशास्त्र मोडीत काढलंय. चार दिवसांसाठी.

मी पीएचडी करतो. शिरूर कासारजवळच्या आमच्या गावात ह्याचा अर्थ 'अजून नोकरी न्हाई' असा घेत्यात, अन् तो बरोबरच हाय. माझा विषय म्हंजी एकमेकाला बांधलेले दोन कण. त्या जोडीला बाहेरून टोला मारायचा, अन् ती कशी उडती त्याच्यावरून आत विद्युतभार कसा पसरलाय ते काढायचं. जो आकडा येतो त्याला फॉर्म फॅक्टर मनत्यात. सोपं हाय. फकस्त कण जवळजवळ उजेडाच्या वेगानं पळत्यात, मनून गणित लई लांबतं.

ह्यात एक गोष्ट पक्की. टोला मारलाच न्हाई, तर उत्तर बरोबर 'एक' यायला पाहिजे. एक म्हंजी सगळा भार जागेवर.

त्या साली दुष्काळ. मी गावाकडं गेलतो, अन् घरी लाइटीचा पत्ता न्हाई. दूध सोसायटीत मात्र इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर. चाऱ्यावाचून जनावरं आटलेली, त्याच्यामुळं सकाळचं दूध घेतलं की मशीन संध्याकाळपर्यंत नुस्ती बसून. चेअरमन अण्णा मनले, "बस बे. पण पाचच्या आत उठ, त्याच्यावर संध्याकाळच्या दुधाचं फॅट बघायचं असतंय."

माझ्या गणिताला लागायचे दोन दिवस. मग मी काय करावं? जी बेरीज अनंतापर्यंत न्यायची, ती मधीच छाटली. साडेचारला संपल अशी. सावकाश चालणाऱ्या कणांवर करून बघितलं, एक आला. झालं, छाटलंय हेच इसरून गेलो.

मग पळणारे कण घातले. उत्तर आलं शून्य पूर्णांक सत्त्याऐंशी.

शहाणा माणूस हितं चूक शोधंल. मी अंबाजोगाईच्या गाइड सरांना मेल टाकला. भार गायब होत असून निसर्गाचा नियम तुटला आहे, कळावे.

सरांचा फोन आला. शांत माणूस. "सोमवारी पुरावा घेऊन या. चूक निघाली तर मी तुमचा गाइड राहणार नाही." म्हंजी तीन वर्षं पाण्यात. तेबी दुष्काळात.

पण मी निवांत. अण्णांना सहज मनलो, तुमच्या मशीनवर जगातला मोठा शोध लागलाय. वाटलं, हसून सोडून देतील. अण्णांनी शनिवारी सत्कार ठेवला. बॅनर छापला. माझ्यापेक्षा अण्णांचा फोटो मोठा, अन् दोघांपेक्षा म्हैस मोठी, कारण सोसायटीच्या बॅनरवर ती असतीच.

शाल, नारळ, फेटा. फेटा बांधला की माणसाला आपलं खरं वाटाया लागतं. मी ठोकून दिलं की कुणी हात लावला न्हाई तरी शंभरातले तेरा भाग भार गायब हाय. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात सुमनकाकू उठल्या. आमच्या शेजारच्या. गावात टँकर आला की पाण्याची वाटणी त्यांच्या हाती असती, अन् त्यांच्यापुढं सरपंचबी आवाज चढवत न्हाई.

"लेकरा," काकू मनल्या, "टँकर भरून निघाला अन् हौदात कमी पडला, तर आमी पाणी गायब झालं मनत न्हाई. पुरा रिकामा व्हायच्या आत कुणी पाइप काढला का, ते बघतो. तू काढला न्हाईस नव्हं?"

मला साडेचारसाठी छाटलेली बेरीज आठवली.

"काढलाय, काकू."

"कावून?"

"अण्णांचं दूध यायचं होतं."

समदं गाव अण्णांकडं बघाया लागलं. मला वाटलं, आता शाल काढून घेत्यात. अण्णा उठले, माइक घेतला अन् जाहीर केलं, की सोमवारपर्यंत मशीनला कुणी हात लावायचा न्हाई, दूध जुन्या मापानं घेऊ.

अन् घेतलं हो! दोन दिवस लोक चरव्या धरून दुप्पट वेळ रांगेत उभे. एकानंबी कुरकुर केली न्हाई. उलट मलाच इचारायचे, "झालं का रं?" एवढी लाज अन् एवढं बरं, दोन्ही संगट मला कधी वाटलं न्हाई.

सोमवारी सकाळी उत्तर आलं. एक. कागद घेऊन मी अंबाजोगाई गाठली, अन् सरांना सगळं खरं सांगितलं.

"चूक तुम्ही शोधली?"

हो मनायला तोंड उघडलं होतं. पण रांगेतल्या चरव्या डोळ्यापुढं आल्या. "न्हाई सर. सुमनकाकूंनी."

"त्या कुठल्या विद्यापीठात असतात?"

"टँकरवर असत्यात, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग मनले, "राहतो मी गाइड. पण इथून पुढे मला काही पाठवायच्या आधी ते त्यांना दाखवायचं."

परवा ओट्यावर बसून काकूंना माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण समजावून सांगितलं. त्यांनी शेंगा फोडत फोडत ऐकलं, अन् मनल्या, "परत मोज."

मोजलं. चुकलं होतं.