नऊ छर्ऱ्यांचं बेअरिंग

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, लहान ट्रॅक्टर दुरुस्त करतात आणि मी त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी बेअरिंग विकते. नातं दुहेरी असल्यामुळे आमची भांडणंही दुहेरी होतात. ताईच्या ओट्याशी सुरू झालेलं भांडण माझ्या काउंटरवर संपतं, नाहीतर उलट.

गावात त्यांना सगळे कानसेन म्हणतात. बेअरिंग निवडायचं तर लोक नंबर बघतात, फार तर बोटाने फिरवून बघतात. भाऊजी ते शिकंज्यात हलकेच धरतात, लांब पेचकसाचं टोक त्याच्या कडेला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि बेअरिंग फिरवतात. मग डोळे मिटून असे उभे राहतात की गिऱ्हाइकाने शिंकायचीही चोरी. माझ्या दुकानातून पाच बेअरिंगं नेली तर दोन परत येणार हे ठरलेलं. "धाकटे, यात कचकच आहे," असा निरोप. मी म्हणायची, "कचकच बेअरिंगात नाही, भाऊजींच्या स्वभावात आहे." पण पुढे ज्याने कोणी ते बेअरिंग माझ्याकडून नेलं, तो वर्षाच्या आत परत आलाच. मी चरफडत राहायची.

माझाही तोरा काही कमी नाही. मला मागून व्हर्निअरबाई म्हणतात ते मला ठाऊक आहे. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. व्हर्निअर लावून ही तीन मापं घेतली की ब्रह्मदेव आला तरी माझा नंबर चुकायचा नाही, असं मी चारचौघांत सांगत असे. भाऊजी त्याच्या वरताण. "ज्या दिवशी मला बेअरिंग ऐकू येणार नाही, त्या दिवशी शटर खाली ओढीन." हे वाक्य मी तीस वर्षांत तीनशे वेळा ऐकलं असेल. बोलताना त्यांना काय कल्पना की आपण आपल्यासाठीच खड्डा खणतोय.

गेल्या वर्षी ताई एकदा लाजत लाजत म्हणाली, "हल्ली हे माझ्याकडे फार बघतात गं. मी बोलायला लागले की हातातलं काम सोडून तोंडाकडे बघत बसतात. या वयात!" मी तिची यथेच्छ थट्टा केली आणि विसरून गेले.

मग रोपवाटिकेच्या बाईंचा ट्रॅक्टर आला. बुटका, चारही चाकांना जोर असलेला, दोन वाफ्यांमधून सहज जाणारा. बाई तो स्वतःच चालवतात आणि त्याच्याशी बोलतातही. पुढचं उजवं चाक गुरगुरत होतं, तेल गळत होतं. भाऊजींनी पुढचा ॲक्सल पूर्ण उतरवला. दोन्ही टोकांना मोठ्या गिअरजवळ एकेक बेअरिंग असतं. चाकाचा भार आणि गिअरचा रेटा दोन्ही त्याच्याच डोक्यावर. दोन्ही बेअरिंगं बाद झाली होती आणि नंबर झिजून साफ गेलेले. नमुना म्हणून त्यातलं एक त्यांनी माझ्याकडे पाठवलं.

काळ्या तेलात माखलेलं होतं ते. मी कडा पुसल्या, तीन मापं घेतली आणि फळीवरून रोजच्या खपाची डबी काढली. कंपनीचं खास मागवायचं तर तीन आठवडे लागले असते, आणि बाईंची लागवड तोंडावर आलेली. "साधंच आहे, मापाला मिलिमीटरभरही फरक नाही," असा निरोप देऊन चार बेअरिंगं पाठवली. या खेपेला दोन परत आली ती "जास्तीची आहेत" म्हणून. कचकच नाही, काही नाही. मी मनात म्हटलं, चला, म्हातारपणी स्वभाव निवळला.

महिन्याभराने बाई ट्रॅक्टर परत घेऊन आल्या. "मिस्त्री, पुन्हा गुरगुरतोय."

भाऊजींनी ट्रॅक्टर जॅकवर उचलून बाईंना चाकं फिरती ठेवायला सांगितलं आणि उजव्या चाकाजवळ कान नेला. मी तेव्हा तिथेच होते. मला चार पावलांवरून ती गुरगुर ऐकू येत होती. भाऊजी म्हणाले, "कुठे काय?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं. मग भाऊजींनी ॲक्सल खोलला. उजव्या बेअरिंगच्या छर्ऱ्यांना खड्डे पडले होते आणि छर्रे जागच्या जागी धरून ठेवणारी पत्र्याची कडी फाटली होती. त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि पाने पुसून पेटीत भरायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई माझ्या दुकानात. "ते खरंच बंद करायला निघालेत. म्हणतात, मी सडकं बेअरिंग ऐकून उत्तम म्हटलं, आता मला काय अधिकार? तू काहीतरी बोल. तुझ्याशी भांडतात तरी."

"ताई, भाऊजींना खरंच ऐकू कमी येतं का गं?"

"कमी?" ताई म्हणाली. "डावा थोडा आहे, उजवा गेलाच. माझ्याकडे बघतात ते काय प्रेमाने? ओठ वाचतात. मला दोन महिन्यांत कळलं. तेव्हापासून मी समोर जाऊन सावकाश बोलते. त्यांना वाटतं मला पत्ताच नाही. वाटू दे. पण दुकान गेलं तर हा माणूस खुर्चीत बसून संपेल."

मला थट्टा आठवली आणि स्वतःची लाज वाटली. ताईचा हात धरून मी तशीच निघाले.

ताई चहा ठेवायला घरात गेली. भाऊजी कामाच्या टेबलावर पाठमोरे बसले होते. मी तीन हाका मारल्या. मग मीच समोर जाऊन बसले. नजर भिंतीकडे गेली. त्यांची एक रीत आहे. काढलेलं जुनं बेअरिंग ते लगेच भंगारात देत नाहीत. तारेत ओवून, पुठ्ठ्याची चिठ्ठी लावून खिळ्याला टांगतात. गाडी वर्षभर बिनतक्रार चालली की मगच उतरवतात. रोपवाटिकेची चिठ्ठी होतीच. हाताला चाळा हवा म्हणून मी ते जुनं बेअरिंग उतरवलं, डिझेलमध्ये धुतलं आणि उगाचच छर्रे मोजले. नऊ.

शेजारी फाटलेलं नवं पडलं होतं. त्याच्या कडीतले खळगे मोजले. आठ.

माप तेच, बाहेरून जुळी भावंडं, पण जुन्याच्या पोटात एक छर्रा जास्त होता. एवढ्याशा जागेत एवढा रेटा पेलायचा म्हणून कंपनीने मुद्दाम तसं करून घेतलेलं. आणि मी, व्हर्निअरबाई, तीन मापं घेऊन मोकळी झाले होते. छर्रे मोजायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

खरं सांगते, ताईचा चहा होईपर्यंत मी गप्प बसले. बाईंना कळणार, बाजारात कळणार, ज्यांना ज्यांना मी नाक वर करून बोलले ते सगळे हसणार. तेवढ्यात भाऊजींनी पेचकस उचलला, फडक्याने टोकापासून मुठीपर्यंत पुसला आणि पेटीत सगळ्यात खाली ठेवला. ते मला बघवेना.

दोन्ही बेअरिंगं त्यांच्यापुढे ठेवून मी ओरडले, "मोजा!"

त्यांनी मोजलं. मग नखाने एकेक छर्रा ढकलत पुन्हा मोजलं.

"म्हणजे हे नवं सडकं नव्हतं?"

"नव्हतं. चांगलं होतं. या जागेचं नव्हतं. चूक माझी आहे, भाऊजी. तुमचा कान चुकला नाही."

मला वाटलं, ते आता माझ्यावर तुटून पडतील. त्यांनी ताईने आणून दिलेला चहाचा कप दोन्ही हातांत धरला. "चुकायला ऐकलं कुठे होतं मी, धाकटे? पेचकस लावला, काहीच आलं नाही. काही येत नाही म्हणजे बेअरिंग स्वच्छ आहे असं धरून मी उत्तम म्हटलं. वर्षभर मला सगळीच बेअरिंगं उत्तम वाटतायत."

दारात उभी असलेली ताई पदर डोळ्यांना लावून आत गेली. मलाही रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

बाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. तीन आठवडे त्यांनी रोपं हातगाडीने ओढली, त्यांना तो हक्क होता. भाऊजींचं शटर त्या दिवसांत अर्धंच उघडं असायचं. बाईंचा ॲक्सल तेवढा बसवून देतो, पुढचं पुढे, असं म्हणायचे.

कंपनीची बेअरिंगं आली. दोन लागणार होती, मी चार मागवली होती. चारही डब्या फोडून मी आधी छर्रे मोजले. नऊ, नऊ, नऊ, नऊ. भाऊजींनी पहिलं शिकंज्यात धरलं, पेचकस काढला आणि मूठ माझ्या कानाला लावली.

"मला नाही त्यातलं कळत," मी म्हटलं.

"नाही कळलं तरी चालेल. नुसती ऐक."

त्यांनी बेअरिंग फिरवलं. लांबून वाऱ्याचा येतो तसा आवाज आला. मग दुसरं, तिसरं, चौथं. मी मुद्दाम चेहरा कोरा ठेवला होता. म्हटलं, बघू या. भाऊजी एकदाही बेअरिंगकडे बघत नव्हते. ताई बोलताना ते जसे तिच्याकडे बघतात, तसे माझ्याकडे बघत होते.

"दुसरं परत पाठव," ते म्हणाले.

दुसऱ्यात बारीकशी खरखर होती. मी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं.

"उद्या नऊला ये," पहिलं आणि चौथं फडक्यावर ठेवत ते म्हणाले. "बटाट्याच्या शेतातला एक ट्रॅक्टर येणार आहे. आणि येताना थोडं ग्रीस आण, शटर वर जाताना अडतंय."