प्रांजलचे चार शब्द

पडदा वर गेला आहे असं समजा. अंधेरी पूर्वेला, कारखान्यांच्या मागच्या इमारतीत, तळमजल्यावरची शाळेची खोली. भिंतींना ताजा पिवळा रंग, छताला फुगे, मध्यभागी एकसारखे टी-शर्ट घातलेली, एका दिवसाच्या समाजसेवेला आलेली कुठल्याशा कंपनीची वीस तरणी माणसं. आणि दारात, प्रांजलला घेऊन वरच्या मजल्यावरून उतरलेली संघमित्राबाई. जी मुलं पाहू शकत नाहीत, आणि शिवाय ऐकू, बोलू किंवा चालूही शकत नाहीत, त्यांना ती चौदा वर्षं इथं शिकवते.

रंगाकडे तिचं लक्षच गेलं नाही. तिनं पाहिलं ते कोपऱ्यातलं चार कप्प्यांचं खोकं.

नऊ वर्षांच्या प्रांजलला ना दिसतं, ना ऐकू येतं. तिच्या खोक्यात चमचा म्हणजे जेवण, सुतळीचा तुकडा म्हणजे झोका, टॉवेलची चिंधी म्हणजे हातपाय धुणं. रिक्षाच्या जुन्या भोंग्याचा रबरी फुगा म्हणजे घर. हे चार शब्द बसायला दोन वर्षं लागली होती. आता तिथं चार गुलाबी ससे बसले होते.

"ते भंगार टाकून दिलं, मॅडम," हर्षद म्हणाला. ही टोळी त्यानंच आणली होती. "सगळं नवीन. झकास ना?"

चार वाजले होते, घरी जायची वेळ. प्रांजलनं घराच्या कप्प्यात हात घातला. ससा चाचपला, फेकला. पुन्हा हात घातला. मग ती स्वतःचं मनगट चावू लागली. टोळीतल्या एकीनं व्हिडिओ काढायला मोबाईल तिच्यासमोर धरला.

संघमित्रा ओरडली, "ए, खाली ठेव तो! आणि तू रे, कुठं टाकलंस सगळं?"

मागच्या गल्लीत काळ्या पिशव्यांचा ढीग होता. केक, रंगाचे बोळे, केळीच्या साली. हर्षदनं दोन बोटांनी एका पिशवीचं तोंड धरलं आणि नाक मुरडलं. "ग्लव्हज मागवू, मॅडम?"

"मागव. तोवर पोरीनं रक्त काढलं तरी चालेल."

तिनं कोपरापर्यंत हात घातला. तिसऱ्या पिशवीत भोंगा सापडला, क्रीमनं बरबटलेला. ओढणीला पुसत ती आत धावली आणि तो प्रांजलच्या तळव्यात ठेवला. मुलीनं रबर दाबलं, हुंगलं, गालाला लावलं. चावणं थांबलं. ती खाली बसून चपला चाचपू लागली.

"सॉरी, ताई," हर्षद पुटपुटला. "पुढच्या महिन्यात येऊ ना आम्ही?"

संघमित्रा त्याच्या स्वच्छ हातांकडे बघत राहिली. किळस आली तिला त्या हातांची.

"ये. पण एकटा ये. दहा ते चार हिच्या शेजारी बस, आणि कशालाही हात लावू नकोस."