मामाचा पडलेला सिनेमा

हवालदार मामा विनोद व्हायच्या आधीच हसायचा. तंबूतल्या पडद्यावर नुसती म्हैस आली की हा मांडीवर थाप मारून मोकळा. पुढचे लोक वळून बघत, तर त्यांनाच दटावायचा, "हिकडं काय बगताय? तिकडं बगा."

म्हैस ज्या सिनेमात होती, तो साताऱ्यात आठवडाभरात पडला होता. नाव घेण्यासारखा नट नाही, गाणं एकच. दोन भावांचा अबोला, आणि वाटणीत म्हैस सामायिक राहिलेली. एकमेकांना सांगायचं ते दोघं म्हशीलाच सांगतात. "म्हशे, तुझ्या धाकट्या मालकाला सांग, पोरीचं लगीन ठरलंय." एवढीच गोष्ट. पण इतकी निर्मळ गंमत मी नंतर नावाजलेल्या सिनेमांतही पाहिली नाही. पलटणीतून पेन्शनीत आलेल्या मामाला तर स्वतःचाच अपमान झाल्यासारखं वाटे. "चांगल्या मानसांनी त्यो बगितलाच न्हाई, गड्या." तंबू वडूजला आला की तो घराघरांतून माणसं गोळा करून न्यायचा.

आमच्या घरातलं मात्र कुणी गेलं नव्हतं, वडील निसटत राहिले. "सुगी उरकू द्या," म्हणायचे. सुगी उरकली आणि वडील गेले.

दहाव्याला माझं मुंडण झालं. आई, म्हणजे मामाची धाकटी बहीण, भिंतीकडे तोंड करून बसलेली. कुणी बळेच भरवला तर घास खायची. दिवेलागणीला मामानं माझं मनगट धरलं. "दाजी ऱ्हायलं, तू तरी बग. आज हितला शेवटचा खेळ हाय." मी बावीस वर्षांचा होतो, नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. त्यानं आपला पटका माझ्या डोक्याला गुंडाळला.

तंबूत म्हशीकरवी लग्नाचं बोलावणं धाडायचा प्रसंग आला, तेव्हा मी इतका हसलो की पटका सुटला आणि सिनेमाच्या मशीनच्या उजेडात डोकं चमकलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, ह्याच्या बापाचा आज दहावा न्हवं?"

घरी आलो तो मान खाली घालून. त्या दिवशी हसलो, हे मी स्वतःला अजून पुरतं माफ केलेलं नाही.

"कुठं गेलतासा?" आईनं न वळताच विचारलं.

मामानं लपवलं नाही. दारातच त्यानं म्हैस करून दाखवली, मग थोरला भाऊ, मग धाकटा. आणि सवयीप्रमाणं आधी स्वतःच हसत सुटला. आई वळली. तोंडाला पदर गेला, खांदे हलू लागले. मला वाटलं, रडतेय.

"मग?" ती म्हणाली. "सांगितलं का म्हशीनं?"

"ते बगायलाच पायजे, इंदे."

"तंबू उठला?"

"उद्या मायणीला."

आई पदर सावरत हळूच म्हणाली, "मायणीत मला कोण वळखतंय, दादा?"

दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत मामाची बैलगाडी दारात उभी होती. शेजारणीनं भाकरी बांधून दिल्या. वाटेत ओढ्याला थांबलो, तेव्हा आईनं दुसरी भाकरी मागून घेतली.