दगडू स्पीकरवाल्याची जाड-बारीक बटणं

दगडू स्पीकरवाल्याला मागून कितीही हाका मारा, तो वळायचा नाही. आमच्या बेलापुरात त्याला सगळे माजोरडा म्हणत. मीही म्हणायचो, माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं.

पण कामात बापमाणूस! पूर्वी त्याच्याकडे नुसता कर्णा होता, त्याला आवाज लहान-मोठा करायचं एकच बटण. सत्तर सालानंतर त्यानं स्पीकरची नवी पेटी आणली, तिला आणखी दोन बटणं. त्यांवर त्यानं स्वतः तेलरंगानं लिहिलं, 'जाड' आणि 'बारीक'. कार्यक्रम सुरू झाला की एक तळवा पेटीवर, नजर शेवटच्या रांगेवर आणि दुसरा हात बटणांवर. हे कसं जमतं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "जाड हाताला कळतं गुरुजी. बारीक लोकांच्या कपाळावर दिसतं." मला वाटलं, उस्ताद लोक असंच बोलायचे.

शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याची लेक कमल, माझ्याच चौथीतली, गायला उभी राहिली. हेडमास्तरांच्या चिरक्या आवाजासाठी 'जाड' वर आणि 'बारीक' खाली लावलेली बटणं तशीच होती. पोरीनं तोंड उघडलं आणि पेटीतून नुसता घुमारा! शब्द कळेना. मागची पोरं खिदळायला लागली, कमल रडवेली झाली. आणि हा बाबा कौतुकानं लेकीकडेच बघत बसलेला. मी मागून ओरडलो. ढिम्म. संतापून त्याच्या कानापाशी जाऊन ओरडलो. तरी ढिम्म. माझ्या अंगावर सरकन काटा आला.

खांदा धरून वळवला, तेव्हा त्यानं आधी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग लोकांकडे, आणि पांढराफटक पडला. बटणं मीच फिरवली. पोरीनं गाणं पुरं केलं.

नंतर मंडपामागे त्यानं माझ्यापुढं हात जोडले. कमल आईच्या पोटात असताना विहिरीवर सुरुंग जवळच उडाला आणि दोन्ही कान गेले. बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. बहिऱ्याला लग्नाची सुपारी कोण देणार? दहा वर्षं आमच्या गावाला एका ठार बहिऱ्यानं ऐकवलं, आणि मी त्याला माजोरडा म्हणत होतो! लाज वाटली. कुणाला सांगणार नाही, असा शब्द दिला.

मग त्यानं हळूच विचारलं, "कमळीचा आवाज कसा हाय वो?"

रोज वर्गात ऐकलेला आवाज, पण सांगू कसा? त्यानं मला हाताला धरून पेटीपाशी नेलं.

"बोलून न्हाई कळायचं. फिरवून दावा."

मी 'जाड' पार खाली आणलं आणि 'बारीक' फिरवत फिरवत जवळजवळ टोकाला नेलं. दगडू त्या बटणाकडे बघतच राहिला.

"लई बारीक हाय की," तो म्हणाला. "आईवर गेली."